तोल नेमका कुठे जातो?

घरातली वयस्क व्यक्ती पडली की आपण पहिला प्रश्न विचारतो, "कशा हो पडलात?" उत्तर बहुधा ठरलेले असते, "पाय घसरला." विचारणाऱ्याचे समाधान होते आणि सांगणाऱ्याचीही सुटका होते. पण पडणे पुरता एक सेकंदही टिकत नाही, ते पाहायला शेजारी कोणी नसते आणि स्वतः पडणाऱ्याला त्या क्षणाचा तपशील क्वचितच आठवतो. त्यामुळे 'घसरला' हे पुष्कळदा कारण नसून मागाहून बसवलेला अंदाज असतो.

हा अंदाज पडताळून पाहण्याचे काम कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाचे स्टीफन रॉबिनोविच आणि त्यांचे सहकारी यांनी केले. व्हँकुव्हर परिसरातील वृद्धांच्या दोन निवासगृहांत, सर्वांच्या वावराच्या जागी कॅमेरे लावून त्यांनी १३० व्यक्तींचे पडण्याचे २२७ प्रसंग टिपले. हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. सर्वांत मोठा वाटा, ४१ टक्के, शरीराचा भार इकडून तिकडे नेताना चूक होण्याचा होता. ठेच लागून किंवा अडखळून पडणारे २१ टक्के होते. घसरून पडलेले किती? केवळ ३ टक्के! आणखी एक गोष्ट दिसली. पुढे चालताना पडण्याचे प्रसंग सुमारे एक चतुर्थांश होते, तर नुसते उभे असताना आणि खाली बसत असताना पडण्याचे प्रसंग मिळूनही जवळजवळ तितकेच भरले.

त्या निवासगृहांतील जमीन कोरडी आणि सपाट होती, आपल्या न्हाणीघरांसारखी नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्याकडे घसरण्याचा वाटा ३ टक्क्यांवर थांबेल असे आम्हाला मुळीच वाटत नाही. तरीही या चित्रीकरणाने विचाराची दिशा बदलते. पडण्याची जागा शोधायची तर ती केवळ घराच्या नकाशात शोधून चालणार नाही. उठणे, बसणे, वळणे, वाकणे, उंबरा ओलांडणे अशी एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाण्याची जी ठिकाणे आहेत, तिथे ती शोधावी लागते.

प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांनंतर याचाच क्रमांक लागतो. वयाची पासष्टी ओलांडलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा वर्षातून एकदा तरी पडतो. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील व्यक्ती १० कोटींहून अधिक होत्या. म्हणजे आपल्या वर्गातील प्रत्येक बाकावरच्या एका तरी मुलाच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येणार, असे धरायला हरकत नाही.

उभे राहणे हेही कामच

टेबल उभे राहते आणि माणूस उभा राहतो, यांत फार फरक आहे. टेबलाला काही करावे लागत नाही. माणसाचा गुरुत्वमध्य मात्र बेंबीच्या थोडा खाली, जमिनीपासून ८०-९० सें.मी. उंचीवर असतो आणि त्याखालचा आधार म्हणजे दोन पावले व त्यांमधली जागा, इतकाच. तळहातावर काठी उभी तोलून धरावी तसा हा प्रकार आहे. काठी स्थिर दिसते, पण हात सारखा हलत असतो. आपणही 'स्थिर' उभे असताना सतत किंचित पुढेमागे डुलत असतो आणि पोटऱ्यांचे स्नायू ते डुलणे सावरत असतात.

सावरायचे तर आधी कळले पाहिजे की आपण कलतो आहोत. ही बातमी मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते. डोळे भोवतालच्या उभ्या-आडव्या रेषा पाहतात. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळल्याचे सांगतात आणि त्यांच्याजवळच्या दोन पिशव्या डोके कलल्याचे. तिसरी बातमी तळपाय, घोटे आणि स्नायूंतल्या संवेदनाग्रांकडून येते. तिन्ही बातम्या जुळल्या की काम सुरळीत चालते. एखादी अंधुक झाली तर मेंदू उरलेल्या दोन्हींवर भागवतो. दोन अंधुक झाल्या की पंचाईत होते.

एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे वैद्य मोरित्झ रोमबर्ग यांनी याची एक सोपी परीक्षा दाखवून दिली. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या विकारामुळे ज्यांच्या पायांकडून येणारी बातमी तुटली आहे, असे रोगी डोळे उघडे ठेवून नीट उभे राहतात, पण डोळे मिटताच झोकांडतात. असा रोगी सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की पुढे झुकतो, हेही डॉक्टरांच्या लक्षात आले होते. वर्गात मुलांना भिंतीजवळ, हाताशी आधार ठेवून एका पायावर उभे करावे, आधी डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून, आणि सेकंद मोजावेत. फरक इतका ठळक येतो की वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

म्हातारपणी तिन्ही बातम्या थोड्या थोड्या मंदावतात. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीच्या तरुणाच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली लहान होते आणि नेत्रभिंग पिवळट व गढूळ होते. दीर्घकाळ मधुमेह असेल तर तळपायांची संवेदना कमी होते. पायाखाली पायपुसण्याची दुमडलेली कड आली आहे हे अशा पायाला उशिरा कळते, किंवा कळतच नाही.

पाऊण सेकंद

तोल गेल्यापासून खुबा जमिनीवर आदळेपर्यंत साधारण पाऊण सेकंद लागतो. घोट्याचे स्नायू तोल जाऊ लागल्यावर सुमारे एक दशांश सेकंदातच कामाला लागतात आणि याबाबतीत तरुण व वृद्ध यांत फार मोठे अंतर नसते. अंतर पडते ते पुढे. सावरण्यासाठी पाय उचलून झटकन पुढे टाकायचा, तर स्नायूंनी थोड्या वेळात भरपूर जोर लावला पाहिजे, आणि वयाबरोबर नेमके हेच जमेनासे होते. स्नायूंतले जलद आकुंचन पावणारे तंतू आधी घटतात. आजोबा पिशवी उचलतात, जिना चढतात, म्हणजे त्यांच्यात जोर आहेच. अर्ध्या सेकंदात तो हजर होत नाही, एवढेच.

आता आघाताचा हिशेब करू. ५५ किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीचा गुरुत्वमध्य पडताना सुमारे ०.७ मीटर खाली येतो. ५५ × ९.८ × ०.७ म्हणजे जवळपास ३८० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. प्रयोगशाळेत वृद्धांच्या मांडीच्या हाडांवर केलेल्या चाचण्यांत असे आढळले की खुब्याजवळ ते हाड मोडायला याच्या दहाव्या हिश्श्याइतकी ऊर्जाही पुरते. बहुतेक पडण्यांत हाड मोडत नाही, कारण ऊर्जेचा मोठा भाग हात टेकल्याने, गुडघे वाकल्याने, स्नायू व चरबी दबल्याने वाटला जातो. माणूस एका बाजूला, सरळ खुब्यावर पडला तर मात्र ही वाटणी होत नाही. म्हणून पुढे पडण्यापेक्षा बाजूला पडणे खुब्याला अधिक घातक ठरते. वळताना तोल गेला की माणूस बहुधा बाजूलाच पडतो, हे इथे जोडून पाहावे.

पहाटेची वाट

पहाटे चार वाजता आजी लघवीसाठी उठतात. पलंगावरून उभे राहताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते. मानेतल्या रोहिणीतील दाबग्राहकांना हे कळते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा टिकतो. वयाबरोबर ही यंत्रणा सुस्तावते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० मिलिमीटरने उतरला, तर डॉक्टर त्याला विकार मानतात. रक्तदाबाच्या, झोपेच्या आणि पुरुषांना प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या यात भर घालतात. गोळ्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. पण सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेऊन "यातली उठताना भोवळ आणणारी कोणती?" एवढे विचारता येते. हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात.

तर आजी उठल्या. काठावर पाय सोडून मिनिटभर बसाव्यात, पोटऱ्या पाच-दहा वेळा वरखाली हलवाव्यात, म्हणजे पायांतले रक्त वर ढकलले जाते. पण त्या सरळ उठतात, आणि दिवा लावत नाहीत, कारण घरातल्यांची झोपमोड नको. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला तरुणालाही वीस-तीस मिनिटे लागतात. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर एक-दोन वॅटचा दिवा रात्रभर जळत ठेवला तर महिन्याला दीड युनिटसुद्धा वीज लागत नाही. सासूच्या काटकसरीला हे गणित नातवाने करून दाखवावे!

वाटेत उंबरा आहे. चालताना पुढे जाणाऱ्या पायाचा अंगठा जमिनीपासून जेमतेम एक-दीड सें.मी. उंचावरून जातो. आपण पाय उचलून चालतो असे वाटते, प्रत्यक्षात जमीन चाटतच चालतो. त्यामुळे जुन्या वाड्यांतला वीतभर उंचीचा उंबरा डोळ्यांत भरतो व ओलांडला जातो, पण संडासाच्या दारातली दोन सें.मी. उंचीची दगडी पट्टी फसवते. सतरंजीची कड, विजेची सैल वायर, लोंबणारे धोतर, नऊवारीचा ओघळलेला सोगा, हे सारे याच एक-दीड सेंटिमीटरचे शत्रू. उंबऱ्याच्या कडेला भडक रंगाचा पट्टा ओढणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

चष्म्याचेही असेच. बायफोकल चष्म्याचा खालचा भाग हातभर अंतरावरचे वाचण्यासाठी असतो. पायऱ्या उतरताना नजर नेमकी त्याच भागातून जाते आणि पायरीची कड पुसट होते. मोतीबिंदूबाबत इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांना २००५ साली असे आढळले की, पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केलेल्या स्त्रियांत पडण्याचे प्रमाण, वाट पाहत राहिलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. "पिकू दे अजून" असे म्हणून थांबण्याची किंमत अशीही मोजावी लागते.

न्हाणीघराचा घर्षणांक

घसरण्याकडे आता वळू. टाच जमिनीवर टेकते तेव्हा पाय तिरका असतो, म्हणून तो जमिनीला खाली दाबतो तसा पुढेही ढकलतो. सपाट जमिनीवर नेहमीच्या चालीला सुमारे ०.२ इतका घर्षणांक लागतो. कोरड्या फरशीवर तो याच्या दुपटीहून अधिक सहज मिळतो. गुळगुळीत फरशी, पाणी आणि साबण एकत्र आले की तो ०.२ च्या खाली जाऊ शकतो.

हे वर्गात मोजता येते. झिलईची एक फरशी, वापरलेली रबरी चप्पल, चपलेत ठेवायला अर्धा किलोचे वजन आणि कोनमापक एवढे साहित्य पुरे. फरशीवर चप्पल ठेवून फरशीची एक बाजू सावकाश उचलावी आणि चप्पल सरकू लागेल तो कोन नोंदवावा. त्या कोनाचा टॅन्जन्ट म्हणजे घर्षणांक. ०.२ साठी हा कोन सुमारे ११ अंश येतो. फरशी कोरडी, ओली आणि साबणाच्या पाण्याची असे तीन वेळा मोजावे. नवी चप्पल आणि तळ झिजलेली चप्पल घेऊन पुन्हा मोजावे. वजन दुप्पट केले तरी कोन फारसा बदलत नाही, हेही मुलांना दिसेल. "मी हलकी आहे, मी कशाला घसरते!" या समजुतीला हे उत्तर आहे. शिक्षकांनी एक सूचना द्यावी. प्रयोगातली चप्पल स्थिर असते, तिच्याखालचे पाणी निघून जायला वेळ मिळतो. चालताना टाच वेगाने येते, पाणी अडकते आणि पातळ थरावर पाय तरंगतो. म्हणून प्रत्यक्षातला धोका मोजलेल्या आकड्याहून जास्त असतो. खडबडीत दगडाचे उंचवटे पाण्याचा थर भेदून तळपायापर्यंत पोहोचतात, चकचकीत फरशीला ते नसतात. जुन्या मोरीतला टाकी लावलेला दगड काढून चकचकीत फरशा बसवण्याची हौस अनेक घरांत दिसते. दिसायला छान, एवढेच तिच्याबद्दल म्हणता येईल. अर्थात दगडावर शेवाळ धरले की त्याचाही गुण संपतो. कोकणातल्या पावसाळी अंगणात हे कोणालाही सांगावे लागत नाही.

न्हाणीघरात सगळीच संकटे एकवटतात. ओली जमीन, साबणाने मिटलेले डोळे (रोमबर्गची परीक्षा रोजच!), गरम पाण्याने सैलावलेल्या रक्तवाहिन्या, तांब्यासाठी वाकणे आणि शेवटी बुटक्या पाटावरून उठणे. पाटाऐवजी गुडघ्याइतक्या उंचीचे, पायांना रबर असलेले स्टूल ठेवावे. भिंतीत दांडी बसवावी. टॉवेलची दांडी या कामाची नाही. ती दोन किलो पेलते, पडणारा माणूस तिच्यावर सारे शरीर टाकतो आणि दांडीसकट खाली येतो. दांडी मुठीत मावेल इतकी जाड, भिंतीत खोल रोवलेली, उठताना हात जिथे आपोआप जातो तिथे हवी. ती जागा ज्येष्ठ व्यक्तीला प्रत्यक्ष उठायला लावून खडूने नोंदवावी, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये. दार आत उघडणारे असेल तर आत पडलेल्या माणसाच्या अंगाने ते अडते. ते बाहेर उघडेल असे करावे, निदान कडी बाहेरून काढता येईल अशी असावी.

अशा दुरुस्त्यांचा उपयोग होतो का? न्यूझीलंडच्या टारानाकी भागात ८४२ घरांमध्ये चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटातील घरांत पायऱ्यांना कठडे, न्हाणीघरात दांड्या, बाहेर दिवे, पायऱ्यांच्या कडांना पट्ट्या, असा साधा सुतारकामाचा बदल केला. २०१५ साली निष्कर्ष आला. या घरांत पडून झालेल्या, उपचार घ्याव्या लागणाऱ्या दुखापती २६ टक्क्यांनी कमी होत्या.

"बसून राहा" हा सल्ला

एकदा पडलेल्या माणसाला घरचे सांगतात, "आता एका जागी बसून राहा, लागेल ते हातात देतो." यामागे माया असते, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने हा सल्ला उलटा आहे. न वापरलेले स्नायू आठवड्यांत क्षीण होतात, पाय आणखी डगमगतात, भीती वाढते, हालचाल आणखी कमी होते. वृद्ध माणसे आपले पडणे लपवतात, तेही यासाठीच. सांगितले की देवळात जाणे बंद, बाजार बंद, जिना बंद. मग दुसरे पडणे खुब्यावर होते आणि घरच्यांना तेच पहिले वाटते.

न्यूझीलंडमधील डुनेडिन येथे ऐंशी व त्यापुढील वयाच्या २३३ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. निम्म्या स्त्रियांना घरच्या घरी करायचे पायांच्या ताकदीचे व तोलाचे व्यायाम शिकवले. वर्षभरात व्यायाम न करणाऱ्या गटात पडण्याचे १५२ प्रसंग घडले, व्यायाम करणाऱ्या गटात ८८. हे १९९७ साली प्रसिद्ध झाले. पुढे अनेक देशांतल्या १०८ प्रयोगांचा एकत्र विचार करून २०१९ साली काढलेला निष्कर्षही हाच: व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. व्यायाम अवघड नाहीत. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावून रेषेवर चालणे, बाजूला चालणे, आणि सर्वांत महत्त्वाचे, हात न लावता खुर्चीवरून उठणे-बसणे. यात तोलाला थोडे आव्हान असलेच पाहिजे, नुसते बागेत फिरून ते होत नाही. जेवायला जमिनीवर बसून उठणाऱ्या पिढीचा हा व्यायाम दिवसातून दोनदा होत असे. डायनिंग टेबल आले आणि तो सुटला. गुडघे दुखत नसतील त्यांनी तो सोडू नये, असे आमचे मत आहे.

घरातल्या मुलांना एक निरीक्षण सांगावे. स्वीडनमधील उमेओ येथे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५८ वृद्धांबरोबर चालता चालता गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढील सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. चालणे ज्यांना आपोआप जमत नाही, त्यांना बोलण्यासाठी लक्ष उरत नाही. आजोबा बोलताना थांबत असतील तर त्यांना चालताना मागून हाक मारू नये. फोन वाजला, दाराची घंटा वाजली तर "सावकाश या" हे आधीच ठरलेले असावे.

आणि पडलेच तर? मदतीला धावणारा काखेत हात घालून लगेच उचलू पाहतो. तसे करू नये. खुबा दुखत असेल, पाय बाहेर वळलेला किंवा आखूड दिसत असेल, डोक्याला मार असेल, तर पांघरूण घालून डॉक्टर किंवा रुग्णवाहिका बोलवावी. तसे काही नसेल तर माणसाला स्वतः उठू द्यावे. कुशीवर वळायचे, कोपरावर आणि मग हातागुडघ्यांवर यायचे, रांगत भक्कम खुर्चीपाशी जायचे, दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, जोरकस पायाचे पाऊल पुढे टेकवायचे, रेटा देऊन उठायचे आणि वळून बसायचे. घरात एकटे राहणाऱ्यांनी हा क्रम धडधाकट असताना, सतरंजीवर, कोणीतरी जवळ असताना चार-सहा वेळा करून पाहावा.